ईस्टरच्या आठवड्यात स्पेन-इटली-ग्रीसला जायचे तर आधी पंचांग उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आसपास वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत मार्चअखेरच्या आणि एप्रिलच्या युरोप सहलींच्या जाहिराती यायला लागतात. माद्रिद, सेव्हिल, बार्सिलोना, रोम, फ्लोरेन्स, जमल्यास अथेन्स, आणि हे सगळे दहा दिवसांत. जाहिरातीत तारखा असतात, पण वार नसतात. त्या दहा दिवसांत ईस्टर येतो का, याचा तर उल्लेखही नसतो. दक्षिण युरोपात मात्र त्या एका आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात, जुन्या शहरांतले रस्ते वाहनांना बंद होतात, दुकाने दोन-दोन दिवस उघडत नाहीत आणि नेमके जे पाहायला लोक जातात त्यातले काही बंद असते. पैसे भरून झाल्यावर हे कळून उपयोग नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्यानंतरचा रविवार, हा ढोबळ नियम. त्यामुळे घरातल्या कॅलेंडरवरूनही अंदाज बांधता येतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये धुळवडीनंतरच्या रविवारी, २८ मार्चला, ईस्टर आहे. म्हणजे झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार, पाम संडे) २१ मार्च, पवित्र गुरुवार २५ मार्च आणि गुड फ्रायडे २६ मार्च. ही झाली स्पेन, पोर्तुगाल, इटली यांची गोष्ट. ग्रीसचे ऑर्थोडॉक्स चर्च हा हिशोब जुन्या ज्युलियन पंचांगाने करते, म्हणून तिथला २०२७ चा ईस्टर थेट २ मे रोजी आहे, पाच आठवडे पुढे. २०२८ मध्ये मात्र दोन्ही ईस्टर एकाच दिवशी, १६ एप्रिलला. बेत आखायच्या आधी त्या वर्षीच्या ईस्टरच्या या दोन तारखा कागदावर लिहून घ्याव्यात; पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यांवरून ठरतात.

पहिला निर्णय असा: ईस्टरआधीच्या आठवड्यातल्या मिरवणुकांचा सोहळाच पाहायला जायचे आहे, की स्मारके आणि संग्रहालये पाहायची आहेत? आषाढी एकादशीला पंढरपुरात गाडी नेऊन दोन तासांत दर्शन उरकून पुढे निघू, असा बेत कोणी करत नाही. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिलचा पवित्र आठवडा, म्हणजे ईस्टरआधीचा हा आठवडा, त्याच जातीचा आहे. सोहळा पाहायचा असेल तर एकाच गावात निदान चार रात्री मुक्काम टाकावा. तो पाहायचा नसेल तर त्या देशात त्या दहा दिवसांत जाऊच नये. मधला मार्ग, म्हणजे रोज नवे शहर आणि वाटेत जमेल तेवढी मिरवणूक, हाच सगळ्यात जास्त फसतो. बॅगा ओढत मिरवणुकीच्या मागे अडकायचे, गाडी चुकायची आणि हाती काहीच नीट लागायचे नाही.

सेव्हिलबद्दल जरा तपशिलात लिहितो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथे जातात आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच होतो. झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरच्या रविवारपर्यंत साठेक एर्मांदाद, म्हणजे चर्चशी जोडलेली भाविकांची मंडळे, आपापल्या चर्चमधून निघून कॅथेड्रलपर्यंत जातात आणि परततात. प्रत्येकाची वाट वेगळी. शेवटचा टप्पा मात्र सगळ्यांचा एकच: काम्पाना चौक, सिएर्पेस गल्ली, सान फ्रान्सिस्को चौक आणि तिथून कॅथेड्रल. या टप्प्यावर दोन्ही बाजूंना खुर्च्या असतात. त्या बहुतेक वर्षानुवर्षांच्या वर्गणीदारांकडे असतात, त्यामुळे पर्यटकाला तिथली खुर्ची मिळेल हे गृहीत धरू नये. त्याची गरजही नाही. परतीच्या वाटेवर, आपल्या वस्तीतल्या गल्ल्यांतून जाताना मिरवणूक जशी दिसते तशी ती खुर्च्यांच्या मधून दिसत नाही.

एका मिरवणुकीचा क्रम साधारण असा असतो. सर्वांत पुढे क्रूस. मागे मेणबत्त्या घेतलेले, टोकदार टोपी आणि चेहरा झाकणारे कापड घातलेले नाझारेनो, शेकड्यांनी. मग येशूचा पासो, म्हणजे कोरीव लाकडी मूर्तींचे चालते व्यासपीठ. पुन्हा नाझारेनो. शेवटी छत्राखालचा मारियामातेचा पासो आणि बहुधा मागे बँड. मकारेनासारख्या मोठ्या मंडळात तीन हजारांहून अधिक नाझारेनो असतात. एका जागी उभे राहिले तर ती पूर्ण सरायला एक तास पुरत नाही. दिवसभराची मिरवणूक दहा-बारा तास चालते. म्हणून वेळापत्रकात 'क्रूस इतक्या वाजता' असे लिहिलेले दिसले की लगेच जाऊन उभे राहू नये. शेवटचा पासो त्या ठिकाणी किती वाजता येतो ते पाहावे आणि पाय व पोरे किती वेळ तग धरतील त्या हिशोबाने पोचावे. ही वेळापत्रके स्थानिक वर्तमानपत्रे, रेडिओ आणि दुकाने छोट्या पुस्तिकांच्या रूपात फुकट वाटतात, मोबाइल ॲपवरही असतात. भाषा येत नसली तरी मंडळाचे नाव, रस्ता आणि वेळ एवढे वाचता आले की पुरते.

दिवसाला एक मिरवणूक आणि एक जागा, फार तर दोन. नकाशावर पाच ठिकाणे खुणावून एकीकडून दुसरीकडे पळत सुटलात तर मधल्या गल्ल्या गर्दीने बंद असतात आणि तासाभरात फक्त पाठमोरी माणसे दिसतात. लहान मुले किंवा गुडघे दुखणारी मंडळी बरोबर असतील तर आलामेदा दे एर्क्युलेससारखी ऐसपैस जागा किंवा त्रियानाचा पूल बरा. मूर्ती चर्चच्या दारातून बाहेर येतानाचा क्षण फार सुंदर असतो हे खरे, पण त्या दारासमोर लोक कित्येक तास आधीपासून उभे असतात. मुलांना तिथे नेऊ नये. घडीची खुर्ची घेऊन जायचा मोह टाळावा. गल्लीत ती अडथळा होते, आणि अचानक गर्दी हलली की तिच्यात पाय अडकतात.

एखाद्या अरुंद वळणावर थांबून पासो वळताना जरूर पाहावा. दीड-दोन टनांचा हा भार तीस-चाळीस माणसे खालून, मानेच्या मणक्यावर पेलतात. बाहेर झालर असते, त्यामुळे दिसतात ती फक्त कापडी बुटांतली पावले. पुढे चालणारा मुकादम पासोवर बसवलेला धातूचा ठोका वाजवतो, आतली माणसे सज्ज होतात, आणि शेवटच्या ठोक्याला सगळी एकदम उठतात. मेणबत्त्या थरथरतात, छत्राचे चांदीचे खांब किणकिणतात. मग बोटबोट सरकत ते वळण घेतात. मुकादम हळू आवाजात डावे-उजवे सांगत असतो आणि भिंतीत व लाकडात वीतभर अंतर असते. वरच्या गॅलरीतून कोणी साएता म्हणजे विनासाथीचे भक्तिगीत गायला लागले की पासो थांबतो आणि सगळी गल्ली गप्प होते. अशा वेळी मोबाइल वर धरून बोलत राहणे हा तिथल्या लोकांचा अपमान आहे. फोटो काढावा, फ्लॅश बंद ठेवावा.

टोकदार टोपीविषयी स्पष्टच सांगायला हवे, कारण सहलीतल्या गटांत त्यावरून नको ते शेरे ऐकू येतात. हा प्रायश्चित्त घेणाऱ्यांचा शतकानुशतकांचा पोशाख आहे. अमेरिकेतल्या वंशद्वेषी टोळीने पुढे तशा टोप्या घातल्या, त्याच्याशी या भाविकांचा काही संबंध नाही. चेहरा झाकायचा तो प्रायश्चित्त कोण करतो आहे हे कळू नये म्हणून. मुले नाझारेनोंपाशी जाऊन त्यांच्या मेणबत्तीचे ओघळ आपल्या मेणाच्या गोळ्यावर घेतात, तो गोळा वर्षागणिक मोठा होतो. आपल्या मुलांनी हात पुढे केला तरी कोणी नाही म्हणत नाही. ते मेण रस्त्यावरही सांडते आणि दगडी फरशी गुळगुळीत होते. रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूट घालावेत. चामडी तळव्याचे बूट आणि कोल्हापुरी चपला हॉटेलातच ठेवाव्यात.

मिरवणूक ओलांडायची वेळ येतेच. नाझारेनोंच्या दोन तुकड्यांत जागा पडली की तिथल्या माणसाला खुणेने विचारून पटकन पार व्हावे. पासोच्या पुढून किंवा बँडच्या मधून कधीही जाऊ नये.

गुरुवारची रात्र ते शुक्रवारची दुपार, हिला मद्रुगा म्हणतात. सिलेन्सिओ, ग्रान पोदेर, मकारेना, काल्व्हारिओ, एस्पेरान्सा दे त्रियाना आणि हितानोस अशी सहा मंडळे त्या रात्री निघतात. ग्रान पोदेरची मूर्ती हुआन दे मेसा या शिल्पकाराने १६२० मध्ये घडवलेली. ती शांततेत निघते. मकारेना मध्यरात्री निघते आणि परत पोचते दुसऱ्या दिवशी दुपारी. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी रात्री झोपावे आणि सकाळी सात-आठनंतर मकारेनाच्या परतीच्या वाटेवर उभे राहावे. उजेडही चांगला असतो. रात्री बाहेर पडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात धरावी: २००० आणि २०१७ च्या मद्रुगांमध्ये घबराट पसरून लोक सैरावैरा पळाले होते. तेव्हापासून काही जागी माणसे ठरावीक संख्येतच सोडतात आणि पोलीस रस्ते अचानक बंद करतात. उभे राहताना बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेवावी, भिंत पाठीशी असावी, आणि कुटुंबाने चुकामूक झाल्यास भेटायची जागा गल्लीबाहेरची ठरवावी. फोनवर भिस्त ठेवू नये, इतक्या गर्दीत जाळे कोलमडते. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा.

पावसाचे काय? मार्चअखेर सेव्हिलला दिवसा हवा छान असते, रात्री स्वेटर लागतो आणि पाऊस कधीही येतो. पावसाची नुसती शक्यता असली तरी मंडळ मिरवणूक रद्द करू शकते, कारण मूर्ती जुन्या रंगवलेल्या लाकडाच्या आणि मारियामातेचे झगे मखमलीवर सोन्याच्या तारेने भरलेले असतात. हा निर्णय बहुधा निघायच्या वेळेलाच होतो आणि त्याविरुद्ध काही करता येत नाही. यावर उपाय एकच: ज्या दिवशी मिरवणूक आहे त्या दिवशी सकाळी त्या चर्चमध्ये जावे. सजवलेले पासो आत लोकांना पाहायला ठेवलेले असतात, रांग असते पण सरकते, आणि मूर्ती व भरतकाम दोन हातांवरून पाहायला मिळते. संध्याकाळी पाऊस आला तरी मग दिवस वाया जात नाही. छत्रीऐवजी रेनकोट न्यावा. गर्दीत छत्री मागच्याच्या डोळ्यात जाते.

आता राहण्याचे. पवित्र आठवड्यात जुन्या शहरात टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत जाईलच असे नाही. दुपारनंतर ते रात्री उशिरापर्यंत बहुतेक रस्ते बंद असतात. म्हणून गावात शिरायचे आणि गावातून निघायचे ते सकाळी. दुपारी चारला सेव्हिलला पोचणारी गाडी पकडून मोठ्या बॅगांसह काम्पानाजवळच्या हॉटेलात जायचा बेत केला असेल तर तो आत्ताच बदलावा. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी पोचणे सगळ्यात उत्तम. ज्यांना जुन्या भागातले दर परवडत नाहीत त्यांनी सान्ता हुस्ता स्टेशन आणि नेर्व्हिओन या बाजूला राहावे; तिथून पायी अर्ध्या तासात मध्यभागी येता येते आणि बॅगांचा प्रश्न मिटतो. खोली राखताना 'रद्द केल्यास पैसे परत' हा पर्याय घ्यावा, व्हिसा हाती नसताना तर नक्कीच. ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी सेव्हिलची एप्रिल जत्रा असते. 'ईस्टर टाळून पंधरा दिवसांनी जाऊ' म्हणणारे नेमके तिच्यात सापडतात आणि दर पुन्हा तेवढेच असतात.

सेव्हिलचा आल्काझार राजवाडा गुड फ्रायडेला बंद असतो. कॅथेड्रलमध्ये त्या आठवड्यात पर्यटकांसाठी वेळ फार थोडा उरतो, कोर्दोबाच्या मशीद-कॅथेड्रलचेही तसेच. ग्रानादाचा आल्हाम्ब्रा हा किल्ला-राजवाडा मात्र चालू असतो. त्याचे तिकीट नावाचे आणि पासपोर्ट क्रमांकाचे असते, त्यावर आतल्या नासरी महालांत शिरायची वेळ छापलेली असते, आणि ती चुकली तर महाल हुकले. दलालाकडून दुसऱ्याच्या नावाचे तिकीट घेऊन दारात परत फिरावे लागलेले लोक तिथे रोज दिसतात. सेव्हिल ज्यात येते त्या आन्दालुसिया प्रांतात पवित्र गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही दिवस सुट्टी. बहुतेक दुकाने व सुपरमार्केट बंद, शनिवारी उघडतात, रविवारी पुन्हा बंद. दूध, फळे, मुलांची बिस्किटे, डायपर हे बुधवारी रात्रीपर्यंत आणून ठेवावे. बार्सिलोनात मात्र गुरुवारी सुट्टी नसते, ती ईस्टरनंतरच्या सोमवारी असते. एकाच देशात एवढा फरक आहे, हे जाहिराती करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे.

सेव्हिलची गर्दी नको पण सोहळा हवा, अशांसाठी मालागा आणि सामोरा ही दोन नावे सुचवावीशी वाटतात. मालागातले पासो अवाढव्य, काही चार-पाच टनांचे, दोनशेहून अधिक माणसे खांद्यावर घेतात आणि ती माणसे बाहेरून दिसतात; रस्ते रुंद असल्याने पाहणेही सोपे. सामोरा हे उत्तरेकडचे छोटे गाव. माद्रिदहून वेगवान गाडीने दीड तासाच्या आत. तिथे सगळे संथ, गंभीर आणि बँड कमी. बुधवारी रात्री कॅथेड्रलसमोर मौनाची शपथ घेतली जाते. थंडी मात्र कडक असते, लोकरीची टोपी न्यावी.

इटलीचे गणित वेगळे आहे. तिथे गुड फ्रायडेला सार्वजनिक सुट्टी नसते, दुकाने आणि संग्रहालये चालू राहतात. सुट्टी असते ती ईस्टरनंतरच्या सोमवारी. त्या दिवशी इटालियन कुटुंबे डबे घेऊन गावाबाहेर पडतात, म्हणून फ्लोरेन्स, नेपल्सकडच्या आणि समुद्रकाठच्या गाड्या भरून जातात. सोमवारी मोठा प्रवास ठेवू नये. रोममध्ये गुड फ्रायडेच्या रात्री पोपच्या उपस्थितीत कोलोसियमपाशी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, असते. त्यासाठी कोलोसियम लवकर बंद करतात आणि शेजारचे मेट्रो स्टेशनही बंद ठेवतात. त्या शुक्रवारचे दुपारचे कोलोसियमचे तिकीट काढू नये. ही तिकिटे तारखेच्या तीस दिवस आधी खुली होतात, नावाची असतात आणि ईस्टरच्या दिवसांत भराभर संपतात.

व्हॅटिकनची संग्रहालये ईस्टरच्या रविवारी आणि सोमवारी दोन्ही दिवस बंद असतात. इथे २०२७ साठी खास सावधगिरी हवी. एरवी महिन्याच्या शेवटच्या रविवारी ही संग्रहालये मोफत उघडी असतात. २८ मार्च हा महिन्याचा शेवटचा रविवार, पण तोच ईस्टर. त्यामुळे त्या दिवशी मोफत तर नाहीच, प्रवेशच नाही. जुन्या माहितीवर विसंबून कोणी तो दिवस तिथल्या सिस्टाइन चॅपलसाठी ठेवला असेल तर शनिवारी किंवा मंगळवारी हलवावा. सेंट पीटर चौकातल्या ईस्टरच्या मिस्साची (सामुदायिक प्रार्थनाविधीची) तिकिटे पोपच्या घरकारभार कार्यालयाकडून मागवायची असतात आणि ती मोफत असतात. त्यासाठी पैसे मागणारा कोणीही असो, त्याला देऊ नयेत. तिकीट म्हणजे राखीव जागा नव्हे. विमानतळासारखी तपासणी असते, त्यामुळे दोन-अडीच तास आधी पोचावे. दुपारी बाराचा पोपचा आशीर्वाद तिकिटाशिवायही चौकाबाहेरच्या रुंद रस्त्यावर उभे राहून ऐकता येतो. वसई आणि गोव्याहून जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना यातले बरेच ठाऊक असते. त्यांच्या धर्मगुरूंमार्फत आधी पत्रव्यवहार केला तर जागा मिळणे सोपे जाते.

त्याच रविवारी आणखी एक गोष्ट घडते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास पुढे नेतात; स्पेन-इटलीत दोनची तीनवर. २०२७ मध्ये तो दिवस नेमका ईस्टरचा. मोबाइल आपोआप बदलतो, हॉटेलच्या भिंतीवरचे आणि मनगटावरचे घड्याळ बदलत नाही. सकाळची गाडी, विमान किंवा मिस्सा चुकायला एक तास पुरतो. घरी फोन करताना भारताशी फरकही स्पेन-इटलीसाठी साडेचारवरून साडेतीन तासांवर येतो.

ग्रीसचा उपयोग २०२७ मध्ये चाणाक्षपणे करून घेता येईल. मार्चच्या त्या आठवड्यात कॅथलिक देश गर्दीने भरलेले असताना ग्रीसमध्ये साधे दिवस असतील. ज्यांना फक्त स्मारके पाहायची आहेत त्यांनी तिकडे जावे. एकच खबरदारी: २५ मार्च हा ग्रीसचा राष्ट्रीय दिवस, अथेन्समध्ये संचलन असते आणि ॲक्रोपोलिससह पुरातत्त्व स्थळे बंद. बेटांच्या बोटीही तेव्हा उन्हाळ्याइतक्या नसतात. शाकाहारी मंडळींसाठी हा काळ वर्षातला सगळ्यात सोयीचा, कारण ऑर्थोडॉक्स उपवासाचे चाळीस दिवस चालू असतात. दुकानात, बेकरीत आणि खानावळीत 'निस्तिसिमो' म्हणून मांस, दूध, अंडे नसलेले पदार्थ वेगळे सांगतात: मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी, पिवळ्या डाळीचा फावा, भाताने भरलेली द्राक्षाची पाने, पालक भरून भाजलेली, चीज नसलेली पेस्ट्री. मात्र या उपवासाला कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात, तेवढे विचारून घ्यावे.

ग्रीक ईस्टरच पाहायचा असेल तर एप्रिलच्या शेवटी निघावे. कोर्फू बेटावर पवित्र शनिवारी सकाळी अकराला गॅलऱ्यांतून पाण्याने भरलेले मातीचे मोठे रांजण रस्त्यावर फेकतात. दोरीच्या आतच उभे राहावे. शुक्रवारी दुपारपर्यंत आणि रविवारी पूर्ण दिवस पुरातत्त्व स्थळे बंद असतात, आणि १ मे हाही तिथे बंदचाच दिवस. २०२७ मध्ये १ मे पवित्र शनिवारीच येतो, त्यामुळे शुक्रवार ते रविवार ॲक्रोपोलिसच्या भरवशावर राहू नये. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बेटांकडे जाणाऱ्या बोटी बुधवार-गुरुवारी आणि परतीच्या सोमवार-मंगळवारी भरलेल्या असतात.

या देशांच्या सामाईक शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला पंधरा दिवस हा नियम, पण तो पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतो. खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची. २१ मार्चला निघणाऱ्यांनी कागदपत्रे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दाखल करावीत. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. स्पेनच्या पाच आणि इटलीच्या चार रात्री दाखवून इटलीकडे अर्ज केला की तो परत येतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना नाही. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. विमा निदान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पाने असलेला हवा. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणार असाल तर सीमातपासणी तिथेच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या नोंदणी पद्धतीत तिथे चेहऱ्याची नोंद घेतात, त्यामुळे दोन विमानांत तीन तासांहून कमी अंतर ठेवू नये.

औषधांच्या बाबतीत निष्काळजीपणा नको. रोजच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या, वर एक आठवड्याच्या जास्त, आणि चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको तर मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे. भारतीय नावे तिथे कोणी ओळखत नाही. स्पेनमध्ये सुट्टीच्या दिवशी पाळीने एखादे औषधालय उघडे असते, त्याचा पत्ता प्रत्येक बंद औषधालयाच्या दारावर लावलेला असतो. 'फार्मासिया दे ग्वार्दिया' एवढे विचारले तरी लोक हात धरून नेतात. तातडीच्या मदतीला सर्व देशांत ११२. पासपोर्ट हरवला तर पोलिसांकडे लगेच नोंद करावी, पण गुरुवारी संध्याकाळनंतर भारतीय दूतावासात काम होणे कठीण, शुक्रवार तिथेही सुट्टीचा आणि पुढे शनिवार-रविवार. म्हणून मिरवणुकीला जाताना मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि खिशात छायाप्रत. पाकीट पुढच्या खिशात.

सेव्हिलमध्ये शाकाहाऱ्यांना पालक-छोल्यांची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' ही भाजी जवळजवळ प्रत्येक बारमध्ये मिळते, आणि ती खरोखर चांगली असते. 'मांस नको' एवढेच सांगितले तर ट्यूना मासा येतो. मांस, मासा आणि हॅम तिन्ही नको असे सांगावे लागते. थंड टोमॅटो सूपवरही हॅमचे तुकडे पेरतात. त्या दिवसांतला गोड पदार्थ तोर्रिखास, दुधात भिजवून तळलेला आणि मधात बुडवलेला पाव. त्यात अंडे असते.

आपल्याला विनंती अशी की युरोप सहलींची पुरवणी काढताना तिच्यात एक छोटी चौकट छापावी: दोन्ही ईस्टरच्या तारखा, झावळ्यांचा रविवार ते ईस्टरनंतरचा सोमवार हे नऊ दिवस, आणि त्या प्रत्येक दिवशी स्पेन, पोर्तुगाल, इटली व ग्रीसमध्ये कोणती सुट्टी आहे. या दिवसांतल्या सहलीची जाहिरात घेताना कोणत्या वारी कोणते शहर ते छापण्याची अट घालता आली तर वाचकाला पैसे भरण्याआधीच कळेल की त्याचा व्हॅटिकनचा दिवस सोमवारी ठेवला आहे की मंगळवारी.

आपले,
पुण्यातील वाचक